एकशेदहावी पलटण

दिवाळीच्या दिवसांत कोणाशी भांडू नये असे म्हणतात. फराळाचे ताट समोर असताना तोंड गोड असावे, हेही खरे. परंतु चकलीलासुद्धा तिखट लागतेच. तेव्हा या पानांत जरा तिखट बोललो तर वाचकांनी तो फराळाचाच एक भाग समजावा. माझे भांडण कोणा एका व्यक्तीशी नाही. ते आपल्या सर्वांच्या एका खोडीशी आहे. जुनी वस्तू समोर आली की ती काय आहे हे आपण वस्तूला विचारीत नाही, ती वापरणाऱ्या माणसालाही विचारीत नाही. तिच्या नावाने एक कथा रचतो, आणि कथा जितकी भव्य तितकी ती खरी मानतो. या खोडीला आपण मोठ्या अभिमानाने इतिहासप्रेम असे नाव दिले आहे.

मी आयुष्यभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवले. त्यामुळे एखादी वस्तू आधी मोजावी आणि मग तिच्याविषयी बोलावे, अशी मला सवय लागली आहे. या सवयीमुळे लग्नसमारंभात माझ्याशी फारसे कोणी बोलत नाही. पण त्याच कारणाने बँडवाले मात्र माझ्याशी बोलतात. कारण तेही बोलण्याआधी मोजणारे लोक आहेत.

आमच्या उमरीत एक बँडमास्तर आहेत. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत काळपट रंगाचे, हाताच्या मुठीत मावेल न मावेल असे एक जुने नळकांडे आहे. एका बाजूने ते बदकाच्या चोचीसारखे निमुळते, दुसऱ्या बाजूने पोकळ आणि गोल. त्याच्या पाठीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलेला आहे आणि एका अंगाला ११०/२ असे आकडे ठोकलेले आहेत. पूर्वी तेथे बनवणाऱ्याचे नावही होते. ते आता झिजले आहे.

जुन्या वस्तू गोळा करणारे एक सद्गृहस्थ शहरातून मोटारीने आले. त्यांनी हे नळकांडे हातात घेतले, आकडे वाचले, डोळे मिटले आणि निर्णय दिला : ही ११० व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या लष्करी बँडमधली वस्तू, ११० म्हणजे पलटण आणि २ म्हणजे दुसरी कंपनी, पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात जाऊन आलेली असणार! भोवती जमलेल्या मंडळींच्या अंगावर काटा आला. कोणी फोटो काढले. मास्तरांना काही हजार रुपये देऊ करण्यात आले आणि, 'आता हे आम्ही स्वच्छ घासूनपुसून काचेच्या कपाटात ठेवू,' असे अभयही देण्यात आले.

मास्तर एवढेच म्हणाले, "कामून घासायचं, साहेब? आवाज तर त्याच्यातच हाय."

या एका वाक्यात जे शहाणपण आहे ते त्या सद्गृहस्थांच्या सगळ्या व्याख्यानात नव्हते. ते कसे, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथम पलटणीचा हिशेब करू. ११० वी मराठा लाइट इन्फंट्री ही खरी पलटण होती. ती कूत-अल-अमाराच्या वेढ्यात होती. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत त्या गावात कोंडलेल्या सैन्याने उपासमार सोसली, घोड्यांचे मांस खाण्याची पाळी आली, आणि अखेरीस शरणागतीनंतर कित्येक शिपाई कैदेत मेले. १९२२ च्या पुनर्रचनेत या पलटणीचा ११० हा क्रमांकच रद्द झाला आणि ती पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन झाली. म्हणजे १९२२ नंतर घडवलेल्या कोणत्याही वस्तूवर या पलटणीचा ११० असू शकत नाही. आता या नळकांड्याकडे वळू. ते केव्हा घडले ते त्यालाच विचारू.

हे नळकांडे म्हणजे बॅरिटोन सॅक्सोफोनचे माउथपीस, वाजवणारा तोंडात धरतो तो भाग. तेवढे ओळखतानाही पुष्कळांची गल्लत होते. कारण बँडात 'बॅरिटोन' नावाचे दुसरे एक वाद्यही असते. ते युफोनियमच्या कुळातले, पितळी. त्याचे तोंड पेल्यासारखे असते. त्यात ओठ थरथरवून आवाज काढतात. सॅक्सोफोनचे अंग पितळेचे असले तरी तो बासरी-क्लॅरिनेटच्या, म्हणजे लाकडी वाद्यांच्या कुळात धरतात. कारण त्याच्या तोंडाला बोरूची एक पातळ पट्टी, रीड, बांधलेली असते आणि आवाज तिच्या थरथरण्यातून निघतो. तेव्हा पेला असेल तर तो एक बॅरिटोन, चोच असेल तर दुसरा. ही झाली पहिली परीक्षा.

दुसरी परीक्षा शेपटाची. बास क्लॅरिनेटचे माउथपीसही साधारण याच आकाराचे असते आणि दूरून तसेच दिसते. पण क्लॅरिनेटच्या माउथपीसच्या शेपटाला बूच लावलेले असते आणि ते वाद्याच्या आत जाते. सॅक्सोफोनचे उलटे : बूच वाद्याच्या मानेला असते आणि माउथपीस त्यावर टोपीसारखे चढते. मास्तरांच्या नळकांड्याचे शेपूट आतून पोकळ आणि गुळगुळीत आहे. म्हणजे ते सॅक्सोफोनचे. टेनरचे की बॅरिटोनचे, हे लांबीवरून आणि भोकाच्या रुंदीवरून कळते. बॅरिटोनचे अधिक लांब व अधिक रुंद असते. मास्तरांच्या जुन्या वाद्याच्या मानेवर ते नीट बसते. टेनरच्या मानेवर डुगडुगते. केवळ बसण्यावर मात्र विसंबू नये, कारण मानेवरचे बूच जाड-बारीक करता येते. म्हणून लांबी, रुंदी आणि बैठक या तिन्ही साक्षी एकत्र घ्याव्यात. एका साक्षीवर फाशी देऊ नये, हा न्याय वस्तूंनाही लागू आहे.

तिसरी परीक्षा नाकाची. कोपऱ्यात एक ठिपका अंगठ्याने जोरात चोळला आणि लगेच वास घेतला. गंधकाचा वास आला. वाचकांपैकी ज्यांनी शाळेत एबोनाइटचा दांडा लोकरीवर घासून कागदाचे कपटे उचलले असतील, त्यांना हा पदार्थ ठाऊक आहे. रबरात भरपूर गंधक घालून तापवले की ते दगडासारखे कठीण होते, तेच एबोनाइट. प्लॅस्टिकला असा वास येत नाही. उजेडाने एबोनाइटच्या पृष्ठभागावरचे गंधक बदलते आणि काळा रंग हिरवट-तपकिरी होतो. त्या सद्गृहस्थांना जी 'युद्धातली काजळी' वाटली ती खिडकीतल्या उन्हाची करणी होती! आणि घासूनपुसून स्वच्छ करण्याचे म्हणाल, तर एबोनाइटला कढत पाणी लागले की ते आणखी विटते, आणि पॉलिश पेपर लागला की आकडे, अक्षरे आणि कडा, सारेच जाते. म्हणजे ज्या पुराव्यावरून वस्तू ओळखायची तो पुरावाच आधी पुसायचा आणि मग तिला कपाटात बसवून आरती ओवाळायची, असा हा बेत होता.

चौथी परीक्षा आकड्यांची. मी भिंग घेऊन, उजेड तिरपा पाडून पाहिले तेव्हा झिजलेल्या नावाची शेवटची रोमन अक्षरे दिसली. ती 'लार्सन' या शब्दाची आहेत. बर्ग लार्सन हे इंग्लंडमधले माउथपीस बनवणारे नाव १९४० च्या दशकाच्या मध्यावर पुढे आले, आणि या घराण्याची आकडे घालण्याची पद्धत जगभरच्या वादकांना ठाऊक आहे. पहिला आकडा म्हणजे चोचीच्या टोकाशी रीड आणि माउथपीस यांच्यामधली फट, इंचाच्या हजाराव्या भागांत. ११० म्हणजे ०.११० इंच, म्हणजे सुमारे २.८ मिलिमीटर. दुसरा आकडा आतल्या पोकळीचा. तो ० ते ३ असा असतो, आणि आकडा लहान तितका आवाज अधिक धारदार. म्हणजे ११० ही पलटण नव्हे, फट आहे. आणि २ ही कंपनी नव्हे, पोकळी आहे! ज्या नावाचा शिक्का १९४० च्या दशकाआधी नव्हताच, त्याची वस्तू १९१६ साली कूतच्या वेढ्यात नेऊन ठेवायची, हे काम इतिहासाचे नव्हे, जादूगाराचे आहे.

यात विनोद आहे, पण तेवढ्यावर हसून सोडून देण्याजोगी ही गोष्ट नाही. कूतला जे मराठी शिपाई उपाशी मेले त्यांच्या स्मृतीला खोट्या वस्तूची गरज नाही. त्यांच्या नावावर एक खोटे नळकांडे खपवणे हा त्यांचा गौरव नव्हे, अपमान आहे. आणि जे खोटे ठरले ते एकदा उघडे पडले, की पुढे खऱ्या वस्तूवरचाही लोकांचा विश्वास उडतो. खोट्या नाण्याने बाजारातले खरे नाणे बदनाम होते, तसे.

आता पाचवी परीक्षा. माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. शिक्का २.८ मिलिमीटर म्हणतो. पण शिक्क्याचे ऐकायचे की मापाचे? आमच्या गावात ट्रॅक्टरच्या गॅरेजमध्ये टॅपेट लावायला फिलर गेज असतो. पातळ पोलादी पानांचा जुडगा, प्रत्येक पानावर त्याची जाडी लिहिलेली. सपाट काचेवर माउथपीस पालथे ठेवले, रीड बसते ती बैठक काचेला चिकटवली आणि टोकाखालच्या फटीत पाने सरकवली. २.८ मिलिमीटरची पाने सैल गेली. ३ मिलिमीटरची चपखल बसली. म्हणजे कोणीतरी ही फट मागाहून वाढवली आहे.

कोणी? मास्तरांच्या वडिलांनी. त्यांनी हा सॅक्सोफोन मुंबईत एका वादकाकडून जुना विकत घेतला आणि मनमाडला गाडी बदलून उमरीस आणला. मुंबईच्या हॉलमध्ये जो आवाज पुरत होता तो उमरीच्या उघड्या रस्त्यावर, ढोल-ताशांच्या गर्दीत ऐकूच येईना. तेव्हा त्यांनी काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरून, दिवसाला थोडे थोडे घासून, टोकाचा उतार वाढवला. दर वेळी वाजवून पाहायचे, पुन्हा घासायचे. फट वाढली की जोरात फुंकता येते, रीडला थरथरायला जागा मिळते, आवाज मोठा होतो. पण दमही अधिक लागतो आणि रीड अधिक नरम घ्यावी लागते. हे सारे त्यांनी कोणत्या पुस्तकात वाचले नव्हते. दोन्ही बाजूंच्या कडा आजही सारख्या आहेत. मी त्या मोजल्या. गेजचे पान दोन्हीकडे सारखेच आत जाते. हजाराव्या इंचाचे काम, हाताने, कंदिलाच्या उजेडात! याला आपण काय म्हणतो? 'बँडवाला' म्हणतो.

संग्राहक मंडळी येथे नाक मुरडतील. ते म्हणतील, मूळ फट बदलली म्हणजे वस्तू भ्रष्ट झाली, तिची किंमत उतरली. त्यांच्या बाजारात हे खरे आहे. कारखान्यातून निघाली तशी राहिलेली वस्तू दुर्मिळ, आणि दुर्मिळाला दाम, हा त्यांचा हिशेब मला मान्य आहे. पण मूल्य म्हणजे किंमत नव्हे. असे माउथपीस कारखान्यातून एकच निघाले नसणार. पण उमरीच्या वरातीसाठी तीन मिलिमीटरपर्यंत उघडलेले हे एकच आहे. त्याचा अर्धा इतिहास इंग्लंडात घडला आणि अर्धा आमच्या मातीत. त्या अर्ध्याला जो 'बिघाड' म्हणतो, त्याला इतिहास नको असतो. त्याला फक्त शिक्का हवा असतो.

आणि येथेच माझ्या भांडणाचे मूळ आहे. शिक्का कोणाचा मोठा, हे आपण पाहतो. हात कोणाचा होता, हे पाहत नाही. लष्कराचा, संस्थानिकाचा, साहेबाचा संबंध जोडला की वस्तू पूज्य होते. बँडवाल्याचा जोडला की ती मोडीत जाते. का? कारण बँडात कोण वाजवतो हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. हलगी, डफ, सनई ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या होती त्या मातंग, होलार घरांतली आणि मुसलमान घरांतली माणसे बँडात आली. त्यांच्या सुरांशिवाय नवरदेव घोड्यावर चढत नाही. पण पंगत उठेपर्यंत ती मांडवाबाहेर उभी असतात. ज्याला आपण पंगतीला बसवीत नाही त्याला ज्ञानी मानणे आपल्याला जड जाते; आणि म्हणून त्याच्या पेटीतली वस्तू ओळखायला आपण मोटारीतून येणाऱ्या माणसाची वाट पाहतो.

ही कथा जुनीच आहे. ज्याने हे वाद्य शोधून काढले तो बेल्जियमचा अडॉल्फ सॅक्स १८१४ साली जन्मला. १८४६ साली त्याने पॅरिसमध्ये सॅक्सोफोनचे पेटंट घेतले. प्रतिस्पर्ध्यांनी त्याला वर्षानुवर्षे कोर्टात खेचले. त्याचे दिवाळे एकदा नव्हे, तीनदा निघाले. १८९४ साली तो गरिबीत वारला. आपल्याकडे हिंदी चित्रपटांतली सॅक्सोफोनची सुरावट आपण सगळे गुणगुणतो. पण ती वाजवणाऱ्या मनोहारी सिंग यांचे नाव किती घरांत माहीत आहे? ते २०१० साली गेले. त्यांच्याबरोबर स्टुडिओत बसणाऱ्या कितीतरी गोवेकर वादकांची नावे तबकडीवर कधी आलीच नाहीत. दक्षिणेत कद्री गोपालनाथ यांनी हेच विलायती वाद्य कर्नाटक संगीतात गमकांसह रुजवले. त्यांचे वडील नादस्वरम वाजवणारे. म्हणजे तेही मंगलवाद्य वाजवणाऱ्या घरातलेच. २००४ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. पण आपल्या गल्लीतल्या सॅक्सोफोनवाल्याचे नाव विचारावे, असे त्या टाळ्यांमधून कोणाला सुचले नाही.

आणि सर्वांत लाजिरवाणी गोष्ट ही : भारतातल्या लग्नाच्या बँडांवर सविस्तर संशोधनग्रंथ लिहिला तो ग्रेगरी बूथ नावाच्या, न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठातल्या प्राध्यापकाने, २००५ साली. त्यांचे उपकार मानावेत तितके थोडे. पण समुद्रापलीकडून एक माणूस येऊन आपल्या बँडवाल्यांजवळ बसतो, त्यांना नावाने हाक मारतो, त्यांचे म्हणणे लिहून घेतो. आणि आपल्याला मात्र वरातीत नाचून झाल्यावर मास्तरांचे आडनावही ठाऊक नसते!

कोणी म्हणेल, "गुरुजी, एवढ्याशा रबराच्या तुकड्यासाठी केवढा हा आटापिटा! डीजेने बँडांचे पोट मारले आहे. मास्तरांना चार पैसे मिळत असतील तर मिळू द्या की!" आक्षेप रास्त आहे. मास्तरांनी वस्तू विकू नये असे मी म्हणत नाही. ती त्यांची आहे. विकायची की ठेवायची हे तेच ठरवतील. माझे म्हणणे एवढेच की विकायची तर खऱ्या नावाने विकावी. खोट्या कथेचा फायदा कोणाला होतो ते नीट पाहा. मास्तरांना मिळतात काही हजार; कूतच्या वेढ्याची कथा चिकटली की पुढच्या हातात तीच वस्तू कितीतरी अधिक मोलाने जाते. कथा मास्तरांच्या घरात जन्मत नाही आणि तिचा पैसाही त्या घरात राहत नाही. उलट, कथेच्या वजनाखाली त्यांच्या वडिलांचे नाव कायमचे गाडले जाते. पैसा एकाचा, पराक्रम दुसऱ्याचा, आणि ज्याने हजाराव्या इंचाचे काम केले त्याचा उल्लेखही नाही. याला व्यवहार म्हणत नाहीत.

आमची उमरी इतिहासाला पारखी नाही. १९४८ च्या जानेवारीत निजामी राजवटीविरुद्ध लढणाऱ्या तरुणांनी येथली बँक लुटली. त्या पैशाचा हिशेब कसा चोख ठेवला गेला हे गावातली जुनी माणसे आजही छाती फुगवून सांगतात. लुटीच्या पैशाचासुद्धा हिशेब ठेवणाऱ्यांचे आम्ही वारस. मग ज्ञानाचा हिशेब ठेवायला आमचा हात का आखडतो?

वाचकहो, आता सणाची आवराआवर चालू असेल. माळ्यावरून कोणाची जुनी सनई निघेल, कोणाचा क्लॅरिनेट, कोणाच्या आजोबांचे भजनातले हार्मोनियम. हात जोडून विनंती आहे : चिंच-मीठ, कढत पाणी, पॉलिश पेपर यांना त्या दिवशी सुट्टी द्या. कोरड्या मऊ फडक्याने धूळ तेवढी पुसा. अंगावरचे आकडे व अक्षरे जशी दिसतात तशी कागदावर उतरवून घ्या. न समजणाऱ्या आकड्याला पलटण करू नका. आणि वस्तू वाजवणारा माणूस हयात असेल तर त्याच्याजवळ बसा. त्याने ती कोठून आणली, तिच्यात काय बदलले, का बदलले, हे त्याच्या शब्दांत लिहून घ्या. खाली त्याचे पूर्ण नाव लिहा, आडनावासकट. खात्री असेल तेथे 'आहे' लिहा, तर्क असेल तेथे 'असावे' लिहा. या दोन शब्दांमधला फरक जपणे, एवढेच इतिहासाचे सगळे शास्त्र आहे.

मास्तरांच्या माउथपीससाठी मी असा एक कागद तयार केला आहे. त्यावर लिहिले आहे : बॅरिटोन सॅक्सोफोनचे माउथपीस, एबोनाइट, इंग्लंडमधले बर्ग लार्सन, शिक्का ११०/२, आजची फट ३ मिलिमीटर. खाली, फट कोणी वाढवली ते नाव. ते नाव येथे छापत नाही, कारण ते छापायचे की नाही हे त्या घराने ठरवायचे आहे. कागद मास्तरांच्या पेटीत आहे, आणि माउथपीस येत्या तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा रस्त्यावर वाजणार आहे. ज्यांना ती एकशेदहावी पलटण पाहायची असेल त्यांनी तेव्हा उमरीस यावे. आणि येताना बँडवाल्यांना पहिल्या पंगतीला बसवण्याची तयारी ठेवून यावे.